सीचा जुना कोड आणि मोबाइलचे अ‍ॅप

नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अँड्रॉइडचा पहिला विकाससंच दिला, तेव्हा अ‍ॅप जावातच लिहायचे असा दंडक होता. आतला संसार मात्र वेगळा होता. माहिती साठवायला रिचर्ड हिप यांचे २००० सालचे एसक्यूलाइट, अक्षरे रेखाटायला त्याहून जुने फ्रीटाइप, गाभ्याला लिनक्स. ही सगळी सीमधली, फोनच्या जन्माआधीची कामे. घरच्यांना सी आणि पाहुण्यांना जावा, हा पंक्तिप्रपंच जून २००९ मध्ये एनडीके, म्हणजे बाहेरच्यांनाही सी-सी++ चा नेटिव्ह कोड वापरू देणारा संच, येईपर्यंत चालला. आयफोनवाल्यांना ही अडचण आली नाही. त्यांची ऑब्जेक्टिव्ह-सी ही सीचाच विस्तार असल्याने सीची फाइल प्रकल्पात घातली की काम भागे.

एनडीके वेगासाठी आला, असे सहसा सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. जावा चालवणाऱ्या डाल्विक यंत्रणेला जेआयटी, म्हणजे चालता चालता कंपाइल करणारा कंपायलर, मिळाला तो २०१० मध्ये, आणि तोवर गेम लिहिणाऱ्यांचे हाल होते. पण नेटिव्ह कोडने अ‍ॅप आपोआप वेगवान होत नाही, गुंतागुंत मात्र वाढते, हे गूगलच सुरुवातीपासून बजावत होते. जावातून सीमध्ये जाताना जेएनआय या दुव्याची जकातही भरावी लागते. वेग हेच खरे कारण असते, तर जेआयटीनंतर एनडीकेची गरज ओसरायला हवी होती. ती ओसरली नाही, कारण खरी ओढ तपासून पक्क्या झालेल्या कामाची होती. एसक्यूलाइटच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडाच्या शेकडो पट आहे. एवढे तपासलेले काम जावात नव्याने कोण लिहिणार? व्हीएलसीसारखा प्लेअर फोनवर आला तोही आपला जुना सीमधला गाभा घेऊनच. मराठी वाचकाला तर हे रोज दिसते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर जोडाक्षरे फुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे. रफार आणि वेलांटी जागेवर बसवण्याचे काम तिथे आज हार्फबझ ही लायब्ररी करते. तिची पाळेमुळे फ्रीटाइप प्रकल्पात आहेत, आणि फायरफॉक्स व लिबरऑफिसमध्येही तीच राबते.

असा सी-सी++ चा कोड वापरण्यावरचा सर्वांत भारी आक्षेप सुरक्षिततेचा. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या सी++ माध्यम-लायब्ररीतल्या चुका उघड झाल्या. नुसत्या एमएमएसने फोन ताब्यात जाऊ शकत होता. आक्षेप खराच आहे. पण गूगलने त्यावर काय केले, ते पाहावे. दुरुस्त्या तर केल्याच, शिवाय २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये माध्यमांचे काम वेगवेगळ्या, कमी अधिकारांच्या प्रक्रियांत विभागले. पुढे अशा चुका टाळणारी रस्ट ही भाषा आणली, तीही मुख्यतः नव्या कोडासाठी. जुने सरसकट मोडीत काढणे कोणालाच परवडणारे नव्हते.

परवडले नाहीत ते मूळ कोड हाती नसलेले बंद डबे. ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेने ६४-बिट आवृत्ती सक्तीची केली. ज्यांच्याकडे लायब्ररीचा मूळ कोड होता, त्यांनी तो पुन्हा कंपाइल केला. ज्यांच्याकडे कोण्या पुरवठादाराने दिलेली ३२-बिट फाइल तेवढी होती आणि पुरवठादार दुकान बंद करून गेला होता, त्यांना दुसरी लायब्ररी शोधावी लागली.