लेखनाभ्यास, महाविद्यालयीन
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सक्तीने शिकविल्या जाणाऱ्या इंग्रजी गद्यलेखनातून विकसित झालेली ज्ञानशाखा. तिचे प्रयोजन व भवितव्य यांविषयी दीर्घकाळ वाद चालू आहे.

हार्व्हर्ड येथे १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाचा समावेश झाला. अनेक उमेदवारांचे लेखन सदोष आढळले. १८८५ पासून प्रथम वर्षासाठी ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम सुरू झाला व इतर महाविद्यालयांनी त्याचे अनुकरण केले. भाषाशुद्धीवर भर असलेले हे अध्यापन वाङ्मयाध्यापनाच्या तुलनेत दुय्यम मानले गेले. १९४९ मध्ये या अध्यापकांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली.

जॅनेट एमिग यांच्या १९७१ मधील अभ्यासाने तयार निबंधाऐवजी लेखनाच्या प्रक्रियेकडे लक्ष वेधले. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये मुक्त प्रवेश दिल्यावर लेखनाचा फारसा सराव नसलेले असंख्य विद्यार्थी तेथे आले. त्यांच्या चुका निष्काळजीपणाच्या नसून त्यांमागे एक तर्कसंगती असते, असे मीना शॉनेसी यांनी एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स (१९७७) या ग्रंथात दाखविले. विद्यार्थ्यांना स्वतःच्या बोलीचा हक्क आहे, असा ठराव परिषदेने १९७४ मध्ये संमत केला. तथापि १९७५ मध्ये न्यूजवीक साप्ताहिकाने विद्यार्थ्यांना लिहिता येत नसल्याची हाकाटी केल्याने भाषाशुद्धीचा आग्रह पुन्हा बळावला.

पुढे वादाचे स्वरूप बदलले. विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचा सूर शोधावा, असे पीटर एल्बो यांचे मत. तर त्याने विद्यापीठीय ज्ञानव्यवहाराची भाषा आत्मसात करावी, असे डेव्हिड बार्थोलोमी यांचे प्रतिपादन होते. लेखनवर्ग हे राजकीय मतप्रसाराचे साधन होऊ नये, असा इशारा मॅक्सीन हेअरस्टन यांनी १९९२ मध्ये दिला. शॅरन क्राउली यांनी १९९८ मध्ये प्रथम वर्षाची सक्तीच रद्द करावी, असे सुचविले. ही सक्ती अल्पवेतनी, अस्थायी अध्यापकांच्या श्रमांवर उभी आहे, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. याउलट डग्लस डाउन्स व एलिझाबेथ वॉर्डल यांनी २००७ मध्ये लेखनविषयक संशोधन हाच या अभ्यासक्रमाचा विषय करावा, अशी सूचना मांडली.

२०२२ च्या अखेरीस संभाषणक्षम संगणकप्रणाली सर्वांना उपलब्ध झाल्यावर निर्दोष गद्य यंत्राकडूनही मिळू लागले. त्यामुळे केवळ शुद्ध लेखन हे उद्दिष्ट अपुरे ठरले असून, लिहिताना घडणारा विचार हेच या अध्यापनाचे मूळ प्रयोजन होय, या भूमिकेला नवे महत्त्व आले आहे.