फिरती मेंढपाळी (महाळुंगे–चाकण परिसर)

पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात. मावळ, खेड, जुन्नर या तालुक्यांतून ते फिरतात, काही कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर सगळे माघारी वळतात. चराईची ही हंगामी पद्धत म्हणजे फिरती मेंढपाळी. जगभर आज ‘पुनरुज्जीवी चराई’ या नावाने जी चर्चा चालते, तिची मुख्य अंगे या पद्धतीत पूर्वापार आहेत : कळप एका जागी थोडाच काळ दाटीने चरतो, नंतर त्या जागेला दीर्घ विसावा मिळतो आणि लेंडीखत जिथल्या तिथे पडते. बांधावरच्या झाडांशी तिची सांगड असल्याने तिला वनशेतीचाही भाग मानावे लागते.

महाळुंगे (इंगळे) हे खेड तालुक्यातील गाव चाकण–तळेगाव रस्त्यावर आहे. दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला भामा. पश्चिमेला मावळातील भातखाचरे, पूर्वेला ज्वारी-बाजरीचा देश. भामचंद्र आणि भंडारा डोंगरांच्या आसपासची गवताळ उतरण, गायराने आणि रब्बीनंतर मोकळी पडणारी रानेही याच पट्ट्यात येतात. कळपांसाठी हा वाटेवरचा मुक्कामाचा मुलूख होता. औद्योगिक वसाहत आल्यावर वाहने आणि सुट्या भागांच्या कारखान्यांनी यातली बरीच जमीन व्यापली.

पद्धतीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. फलटण, माण, खटाव, बारामती, इंदापूर, पुरंदर या भागांत पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पावसाळ्यात कळप तिथल्या माळांवर असतो, कारण दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही, चिखलात तिचे खूर कुजतात. पाऊस सरला की माळावरचे गवत सुकू लागते, पाणवठे आटतात. त्याच सुमारास पश्चिमेकडे भात आणि इतर खरीप पिकांची काढणी उरकलेली असते. मग काही कुटुंबे मिळून ‘वाडा’ निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड, सोबत राखणीची कुत्री, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरे. मुक्काम कुठे करायचा, किती दिवस थांबायचे, कोणाच्या रानात बसायचे, हे वाड्यातली जाणती माणसे ठरवतात. मुक्कामाचा बराच भार बायका वाहतात. रोज नवी चूल, नवे पाणी, कोकरांची देखभाल. वाड्याचा कारभार त्यांच्यावाचून एक दिवसही चालत नाही, तरी या पद्धतीवरच्या लिखाणात त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात.

शेतकऱ्याशी या पद्धतीचा संबंध जुळतो तो मेंढ्या बसवण्यातून. दिवसभर कापणी झालेल्या रानातली धसकटे, पाला आणि तण खाऊन कळप संध्याकाळी ठरलेल्या शेतात येतो. वाघर, म्हणजे खुंट्यांना बांधलेली जाळी, लावून मेंढ्या रात्रभर आत कोंडतात. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते आणि असे करत सगळे शेत खताखाली येते. लेंडी हळूहळू कुजते, मूत्रातला नत्र लगेच मातीत उतरतो आणि वाहतुकीचा खर्च शून्य. मोबदला म्हणून शेतकरी धान्य किंवा रोख देतो. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो आणि एकाच शेतात तोच वाडा वर्षानुवर्षे येत असल्याने त्यामागे ओळख असते. कारखान्यात तयार झालेले खत गोणीतून आले तरी ही मागणी पूर्ण संपली नाही, कारण मातीचा पोत सुधारणारा सेंद्रिय भाग गोणीत मिळत नाही.

पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ च्या भारतीय गवतावरील ग्रंथात या मुलखासह द्वीपकल्पाचा बहुतेक भाग पवन्या–मारवेल गवतांच्या प्रकारात घातला आहे. ही गवते बहुवर्षायू आणि चविष्ट आहेत. जनावरे बारमाही तिथेच राहिली की आधी तीच संपतात, मागे कुसळी उरते आणि शेवटी उघडी मुरमाड जमीन. खेड-मावळात मात्र बाहेरचे कळप येतात तोवर गवताने बी टाकलेले असते. सुकलेल्या काडीची चराई मुळाला धक्का लावत नाही, उलट वणव्याचे जळण कमी करते. चराई चांगली की वाईट याचे उत्तर म्हणूनच मेंढ्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या वेळेवर आणि चालत राहण्यावर अवलंबून असते.

माळावरच्या जिवांनाही एकसारखे गवत नको असते. धाविक पक्ष्याला आखूड गवत लागते, भोवत्या ससाण्यांना रात्रीच्या मुक्कामाला उंच. चिंकारा, खोकड, तरस आणि लांडगा हे याच उघड्या मुलखाचे रहिवासी. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. मोठे मांसाहारी प्राणी बहुतांशी अभयारण्याबाहेरच जगतात. इरावती माजगावकर, विद्या आत्रेय आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील सुमारे ८९,००० चौरस किलोमीटर मुलखाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. लांडगा, तरस आणि बिबट्या शेती-माळाच्या मुलखात माणसांसोबत किती विस्तृत पसरले आहेत, हे त्यातून दिसले. लांडग्याचे पोट बऱ्याच अंशी शेळ्या-मेंढ्यांवर भरते. कोकरू गेल्याचा तोटा मेंढपाळ सोसतो, तेव्हा या प्राण्याच्या संवर्धनाचा खर्च कोण उचलतो हे वेगळे सांगायला नको. खेड-जुन्नर पट्ट्यात उसाबरोबर बिबट्या आला आणि वाघरीवरच्या रात्री अधिक धोक्याच्या झाल्या.

झाडांचे स्थान बांधावर आणि ओढ्याकाठी. बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब, आपटा ही इथली झाडे मेंढपाळ नीट ओळखतो. चारा संपतो तेव्हा बाभळीच्या शेंगाच कळपाला तारतात. त्यांचे कठीण बी पोटातून मऊ होऊन लेंडीबरोबर पडते आणि बांधावर नवी बाभूळ उगवते. रामकाठी बाभळीचा माथा उभट आणि अरुंद असतो, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते. मुळांवरच्या गाठी नत्र धरतात. उरळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने सुबाभूळ आणि चारापिकांचा प्रसार केला. मात्र झाड बांधावर हवे तसे ते सगळ्या माळभर नको. महसुली नोंदींत माळरान पडीक ठरते, मग त्यावर चर खणून ग्लिरिसिडिया लावला जातो. गवत दडपले जाते आणि चिंकाऱ्यासोबत मेंढीचीही जागा जाते.

माळ म्हणजे तोडलेले जंगल, ही समजूत जुनी आणि घट्ट आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले आणि मौखिक परंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राचा हा उघडा, काटेरी, गवताळ मुलूख निदान काही शतके तसाच आहे, असे त्यातून पुढे आले. अशाच मौखिक परंपरेतल्या धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी गोळा केल्या होत्या. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक. खेड तालुक्यातच निमगावला खंडोबाचे मोठे ठाणे आहे.

चराईबंदीचा मार्ग फिरत्या मेंढपाळीच्या उलट दिशेचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मोकाट चराई थांबवून, गवत कापून नेण्याची पद्धत लावली आणि तिथला डोंगर हिरवा झाला. ते यश खरे आहे. मात्र ते गावात राहणाऱ्या जनावरांचे गणित आहे. फिरत्या कळपाला तेच कुलूप लावले की त्याची वाट तुटते आणि उरलेल्या थोड्या माळांवर चराईचा ताण वाढतो. चराई आणि विसाव्याचा हा विचार इतरत्रही झाला आहे : फ्रान्समध्ये आंद्रे व्वाझँ यांनी १९५७ च्या ग्रंथात गवताच्या विसाव्याचे महत्त्व मांडले, पुढे झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी नियोजित चराईने वाळवंटीकरण उलटवता येते असा दावा केला. त्या दाव्यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. दख्खनच्या मेंढपाळीचे मोल त्या वादाच्या निकालावर ठरत नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. लोकरीला भाव उरलेला नाही, सनगर समाजाचे घोंगडी विणण्याचे काम आटले, आणि मांसासाठी माडग्याळ जातीशी संकर वाढला आहे. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यात आहे; २०१७ पासून मेंढीपालनासाठीची महामेष योजनाही चालते. योजनांचा भर मेंढ्यांच्या संख्येवर आणि निवाऱ्यावर असतो, वाटेकडे फारसे लक्ष नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे, पण तो मिळवण्यासाठी अनेक गावांच्या हद्दींतून जाणारा दावा करावा लागतो आणि ते फार थोड्यांना जमते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांसाठी जाहीर केले आहे. महाळुंगे–चाकण पट्ट्यात करण्याजोगे काम त्याहून साधे आहे : जुन्या वाटा आणि मुक्काम नकाशावर नोंदवणे, गायराने औद्योगिक भूखंडांतून वगळणे, वसाहतीच्या मोकळ्या जागांतले सुके गवत जाळण्याऐवजी दिवाळीनंतर कळपांना खुले करणे, आणि वाटेवर पिण्याच्या पाण्याचे हौद बांधणे.