जंबोचा पहिला उशीर

विमान सुटायला उशीर झाला की आपण आधी समोरच्या कर्मचाऱ्यावर डाफरतो. मीही डाफरलोय. पण ही जुनी गोष्ट वाचली आणि जरा गप्प बसायला शिकलो.

२१ जानेवारी १९७०, न्यूयॉर्क. बोइंग ७४७, म्हणजे आपलं जंबो जेट, पहिल्यांदाच तिकीटवाले प्रवासी घेऊन लंडनला निघणार होतं. पॅन ॲम कंपनीची इभ्रत पणाला. आणि उड्डाणाआधीच एक इंजिन नको तेवढं तापलं.

जेट इंजिनात इंधन पेटलं, पण हवा पुरेशी खेळली नाही, तर तापमान झपाट्यानं चढतं. टर्बाइनची पाती काही सेकंदांत खराब होऊ शकतात. म्हणून इंजिन चालू करताना वैमानिकाची नजर तापमानाच्या काट्यावर असते. काटा हद्दीबाहेर निघाला की इंधन बंद. तिथे घासाघीस नाही.

त्या रात्री वैमानिकांनी विमान मागे फिरवलं. दुसरं जंबो आणलं. संध्याकाळचं उड्डाण मध्यरात्र उलटून गेल्यावर झालं. हसं झालं, पण सगळे सुखरूप पोचले.

तेच दुसरं विमान २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर होतं. धुकं दाट, उशीर सगळ्यांनाच झालेला. समोरून केएलएमच्या जंबोनं परवानगीआधीच धाव घेतली. ५८३ माणसं गेली.

उशिराचं कारण जरूर विचारा, तो आपला हक्कच आहे. फक्त 'उडवा हो एकदाचं' म्हणू नका.