पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते पाय पाहून लाखो डॉलर मोजायची वेळ आली, तर आपण इतक्या ठामपणे बोलू का? अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघांना दरवर्षी हेच करावं लागतं. शाळा-कॉलेजांत खेळणाऱ्या हौशी मुलांमधून संघांनी आळीपाळीने आपले भावी खेळाडू निवडायचे, या पद्धतीला तिथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ड्राफ्टच्या आधीचे कित्येक आठवडे वर्तमानपत्रांत आणि चाहत्यांच्या गप्पांत एकच प्रश्न गाजत असतो : पहिला कोण?

आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. ड्राफ्टचं तसं नाही. मूळ कल्पना अशी, की आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांनी आधी निवडायचं आणि बलवान संघांनी नंतर. एकदा एका संघाने नाव पुकारलं, की त्या मुलाशी बोलणी करण्याचा हक्क त्याच संघाचा. मुलाला तो संघ किंवा ती रक्कम पसंत नसेल, तर त्याने नकार द्यावा आणि पुढच्या संधीची वाट पाहावी. दुसऱ्या संघाकडे जाऊन भाव वाढवण्याची मुभा त्याला नाही.

ही पद्धत जन्माला आली ती पैशाच्या धास्तीतून. १९६४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्ड या तरुणासाठी संघांमध्ये चढाओढ लागली आणि एंजल्स संघाने त्याला २,०५,००० डॉलर देऊन करारबद्ध केलं. एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या मुलासाठी एवढी रक्कम! संघमालक हबकले. श्रीमंत संघच सगळी गुणी मुलं पळवतात, ही तक्रार जुनीच होती. तिला आता खर्चाच्या भीतीची जोड मिळाली. जून १९६५ मध्ये न्यूयॉर्कला पहिला ड्राफ्ट झाला. कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिक मंडेला पहिला मान दिला. सर्वांना समान संधी हे उद्दिष्ट खरं, पण मुलांचा भाव खाली ठेवणं हेही तितकंच खरं.

दुसऱ्याच वर्षी, १९६६ मध्ये, असा वाद झाला की तो आजही संपलेला नाही. पहिली पाळी न्यूयॉर्क मेट्सची होती. ॲरिझोना स्टेटचाच रेजी जॅक्सन समोर होता. मेट्सने त्याला सोडून कॅलिफोर्नियातला शाळकरी कॅचर स्टीव्ह चिल्कॉट निवडला. जॅक्सन दुसऱ्या क्रमांकावर अॅथलेटिक्सकडे गेला. पुढे त्याने ५६३ होमरन मारले आणि १९९३ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला स्थान मिळालं. चिल्कॉटचा खांदा दुखावला आणि सर्वोच्च पातळीवरचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पहिल्या क्रमांकावर निवड होऊनही तिथवर न पोहोचलेला तो पहिला खेळाडू.

मेट्स चुकले कसे? आम्हाला कॅचरची गरज होती, असं संघाचं म्हणणं. जॅक्सनने मात्र पुढे सांगितलं, की कृष्णवर्णीय असून त्याची मैत्रीण गोरी आहे हे मेट्सला खटकलं, असं त्याला त्याच्या प्रशिक्षकाने सांगितलं होतं. संघाने ते नाकारलं. खरं काहीही असो, खेळाडू हेरणाऱ्याच्या नजरेत फक्त चेंडू आणि बॅट नसते, ही शंका तेव्हापासून ड्राफ्टच्या चर्चेला चिकटली.

१९९२ मध्ये पहिली पाळी ह्यूस्टन अॅस्ट्रोजची होती. मिशिगनमध्ये त्यांच्यासाठी खेळाडू हेरण्याचं काम हॅल न्यूहाउसर करत होते. स्वतः नामवंत पिचर. १९४४ आणि १९४५ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले. कॅलामाझूच्या शाळेतला डेरेक जीटर घ्या, असा त्यांचा आग्रह होता. पण हा मुलगा फार पैसे मागेल, अशी वरिष्ठांना धास्ती. त्यांनी कॉलेजचा फिल नेव्हिन घेतला. न्यूहाउसर यांनी काम सोडलं. जीटर सहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क यांकीजकडे गेला, पाच वेळा विश्वविजेत्या संघात खेळला आणि ३,४६५ हिट्स नावावर लावून निवृत्त झाला. नेव्हिनही काही वाया गेला नाही. त्याने २०८ होमरन मारले. पण त्याचं नाव निघालं, की लोकांना आधी जीटर आठवतो. यात बिचाऱ्या नेव्हिनचा काय दोष?

याच्या उलटही घडतं. २००१ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने मार्क प्रायर हा गाजलेला पिचर सोडून आपल्याच गावचा शाळकरी जो मॉवर निवडला. पैसे वाचवण्यासाठी घरचा मुलगा घेतला, अशी टीका झाली. २००३ मध्ये शिकागो कब्जकडून प्रायरने १८ सामने जिंकले, तेव्हा टीकाकार खरे ठरले असं वाटलं. पण दुखापतींनी प्रायरला गाठलं आणि २००६ नंतर तो या पातळीवर पुन्हा खेळू शकला नाही. मॉवरने तीनदा फलंदाजीचं अजिंक्यपद मिळवलं आणि २०२४ मध्ये त्याची ‘हॉल ऑफ फेम’साठी निवड झाली. म्हणजे वादाचा निकाल कोणत्या वर्षी विचारता, यावरही उत्तर अवलंबून!

आणि ज्यांच्याबद्दल वादच झाला नाही, त्यांचं काय? १९८८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने माइक पियाझाला ६२व्या फेरीत, १,३९०व्या क्रमांकावर घेतलं, तेही त्याच्या वडिलांच्या मैत्रीखातर. २०१६ मध्ये तोही ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचला.

आता चेंडूचा वेग, त्याची फिरकी, बॅटचा झपाटा सगळं यंत्रं मोजतात. २००७ पासून ड्राफ्ट दूरचित्रवाणीवर दिसू लागला, २०१२ पासून खर्चावर कडक मर्यादा आली, २०२१ पासून फेऱ्या वीसच राहिल्या आणि २०२३ पासून पहिले काही क्रमांक सोडतीने ठरू लागले. वाद मात्र तसाच आहे. कारण वाद असतो तो खेळाडू आज कसा आहे याबद्दल नव्हे, तर सात-आठ वर्षांनी कसा असेल याबद्दल. खांद्याचा सांधा किती टिकेल, घरापासून दूर लहान गावांत रात्री-अपरात्री बसप्रवास करताना मन किती टिकेल, हे कोणतं यंत्र सांगणार?

या वादात बोलतात सगळे. ज्याच्याबद्दल बोलायचं तो मुलगा गप्प असतो आणि ओझं मात्र त्याच्याच खांद्यावर. २०१३ मध्ये ह्यूस्टननेच मार्क ॲपल या पिचरला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्याच्यामागून दुसरा आलेला क्रिस ब्रायंट २०१६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲपल दुखापतींनी आणि अपयशाने थकला आणि २०१८ मध्ये खेळापासून दूर झाला. वाया गेलेली निवड म्हणून त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. २०२१ मध्ये तो परतला. जून २०२२ मध्ये, वयाच्या ३०व्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या संघाकडून त्याने सर्वोच्च पातळीवर पहिल्यांदा चेंडू टाकला. तिथे त्याच्या वाट्याला आले एकंदर सहा सामने. ड्राफ्टच्या हिशेबात हे सहा सामने खिजगणतीतही धरले जाणार नाहीत. पण पहिला क्रमांक त्याला इतरांनी दिला होता. हे सहा सामने त्याने स्वतः मिळवले.