व्हीपीएनच्या चाव्या कुणाच्या पेनड्राइव्हवर?

मंडळी, आपल्या तालुक्यातल्या पोरांना 'व्हीपीएन' हा शब्द खरा माहीत झाला तो २०२० साली. २९ जूनला केंद्र सरकारनं टिकटॉक धरून ५९ चिनी ॲप बंद केली, २ सप्टेंबरला पब्जी गेलं, आणि नागजपासून देशिंगपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये कुठलंतरी फुकटचं व्हीपीएन आलं. तेव्हापासून व्हीपीएन म्हणजे बंद केलेलं चोरून बघायचं साधन, असा समज पक्का बसलाय. हा समज अर्धवट आहे. आणि त्यामुळं आपल्या पतसंस्था, दूध संघ, बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध येतो, ती खरी गोष्ट नजरेआड राहते. म्हणून आज जरा इतिहासात शिरतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

व्हीपीएन म्हणजे काय, ते आपल्या पाण्याच्या भाषेत सांगतो. म्हैसाळचं पाणी उघड्या कालव्यानं आणलं की वाटेत कुणाचीही मोटर लागू शकते. तेच पाणी बंद पाइपानं आणलं तर मधल्याला पाइप दिसतो, पण आत किती पाणी आहे आणि कुणाच्या शेताला चाललंय ते कळत नाही. इंटरनेट हा उघडा कालवा आणि व्हीपीएन हा त्याच कालव्यातून टाकलेला बंद पाइप. दोन्ही टोकांना तोट्या आहेत, त्यांना कुलपं आहेत, आणि कुलपांच्या चाव्या साध्या मजकुराच्या फायलींमध्ये असतात. माझा सगळा मुद्दा या फायलींचा आहे.

हे तंत्र आलं कुठून? आधी कंपन्या आणि बँका स्वतःची वेगळी तार घ्यायच्या, तिला लीज्ड लाइन म्हणतात. मुंबईच्या ऑफिसपासून पुण्याच्या शाखेपर्यंत अख्खी लाइन भाड्यानं. सुरक्षित होती, पण भाडं असं की मोठ्या बँकेलाच परवडावं. सरकारनं १९८०च्या दशकात एनआयसीमार्फत उपग्रहावरून जिल्ह्याची ठिकाणं जोडली, तीही सरकारी कामापुरती. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून, आणि तेही आधी मोठ्या शहरांत.

आपल्याजवळचा पहिला मोठा प्रयोग वारणेचा. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिवाराभोवतालची सत्तरेक गावं संगणकानं जोडायची योजना केंद्र आणि राज्य सरकारनं मिळून काढली. उसाची नोंद, तोडीची तारीख, वजन, बिल हे सगळं शेतकऱ्याला गावातच दिसावं हा हेतू. पुढं काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं तर गावातल्या संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊसनोंदीच्या कामापुरताच राहिला होता. मग त्यांनी तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं, त्याला 'वारणा अनवायर्ड' नाव दिलं. शेतकऱ्याला माहिती मिळाली, खर्च कमी झाला. पण ही माहिती वाटेत कोण वाचतंय हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता. ऊस किती टन गेला हे वाचून कोण काय करणार? पैसा त्या तारेवरून जायला लागल्यावर प्रश्न बदलला.

तिकडं अमेरिकेत याच काळात व्हीपीएन घडत होतं. १९९६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या गुरदीपसिंग पॉल या आपल्याच देशातून गेलेल्या इंजिनिअरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीपीटीपी नावाची पद्धत आणली. विंडोजमध्येच बसलेली, नाव आणि पासवर्ड टाकला की झालं. सोपी म्हणून जगभर पसरली. १९९८मध्ये ब्रूस श्नायर आणि मज या दोघा तज्ज्ञांनी मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीतली कच्ची जागा उघड केली. २०१२मध्ये तर तिचं कुलूप एका दिवसात फोडून देणारी सेवाच निघाली. तरीही जुन्या राउटरमध्ये अजून पीपीटीपीचा पर्याय दिसतो आणि 'लगेच चालू होतं' म्हणून लोक तोच निवडतात.

दुसरी वाट जेम्स योनान या प्रोग्रामरनं काढली. २००१च्या सुमारास तो मध्य आशियात फिरत होता आणि तिथल्या, रशियातल्या इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातून आपल्या ऑफिसच्या संगणकाला जोडून घ्यायचा. आपली माहिती वाटेत कुणाच्या हातून जाते याची त्याला धास्ती वाटली. त्याच वर्षी त्यानं ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केलं, फुकट आणि उघड्या कोडचं. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या संस्था आजही त्याच्यावर चालतात.

आता थोडं आडवळण घेतो, कारण आपल्या मातीत गुप्त वाटांचा इतिहास कमी नाही. शेजारच्या खानापूर तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे असं आपण मानतो. त्यांच्या वेषांतराच्या कथा सगळ्यांना पाठ आहेत. पण माझ्या डोक्यात याबाबतीत नेहमी येतं ते १९४२. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑगस्ट १९४२मध्ये ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून ही मंडळी जागा बदलत राहिली. जेमतेम तीन महिने रेडिओ चालला आणि १२ नोव्हेंबरला धाड पडली. यंत्र शोधून काढणाऱ्या गाड्यांपेक्षा घातक ठरला आतला माणूस. पकडल्या गेलेल्या एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना ठिकाण कळलं.

त्याच काळात आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. नाना वर्षानुवर्षं भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. काम गटागटानं चालायचं, आणि फितुरीची शिक्षा कडक होती. एक गट उघडा पडला तरी सगळी चळवळ एका रात्रीत संपली नाही.

हे आडवळण उगाच घेतलेलं नाही. ओपनव्हीपीएनचं सर्व्हर उभारताना माणूस हेच ठरवत असतो, फक्त बहुतेकांना ते कळत नाही. कसं ते बघा.

सगळ्यात आधी एक 'मूळ चावी' तयार होते. तिला सर्टिफिकेट देणाऱ्या अधिकाऱ्याची चावी म्हणा. ही चावी स्वतः कुठलाही दरवाजा उघडत नाही, पण दरवाजा उघडणाऱ्या बाकीच्या चाव्यांवर शिक्का मारते. मग सर्व्हरसाठी एक चावी आणि एक सर्टिफिकेट. मग प्रत्येक शाखेसाठी, प्रत्येक माणसासाठी वेगळी चावी आणि वेगळं सर्टिफिकेट. शेवटी सर्व्हरची सेटिंगची फाइल, ज्यात कुठल्या पोर्टवर ऐकायचं (ठरलेला पोर्ट ११९४), आतल्या जाळ्याचे पत्ते कुठले, असं लिहिलेलं असतं. आणि प्रत्येक क्लायंटसाठी एक फाइल, ज्यात सर्व्हरचा पत्ता आणि त्या शाखेची चावी एकत्र गुंडाळलेली असते. ती फाइल मोबाइलमध्ये टाकली, बटण दाबलं, पाइप जोडला.

शहाणपण असं सांगतं की मूळ चावी सर्व्हरवर ठेवूच नये. वेगळ्या, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर ठेवावी. शाखेची खाजगी चावी शाखेतल्याच संगणकावर तयार व्हावी, आणि शिक्का मारायला फक्त तिची सही मागणारी विनंती मुख्य ऑफिसात यावी. म्हणजे खाजगी चावी जिथं जन्मली तिथून बाहेर पडतच नाही.

प्रत्यक्षात काय होतं? इंटरनेटवर एक तयार स्क्रिप्ट मिळते. ती चालवली की मूळ चावी, सर्व्हरची चावी, वीस शाखांच्या वीस चाव्या, सगळं एकाच मशीनवर दोन मिनिटांत तयार. मग तालुक्याच्या ठिकाणचा काँप्युटरवाला ते सगळं पेनड्राइव्हवर घेतो आणि फायली व्हॉट्सॲपवर शाखाधिकाऱ्यांना पाठवतो. कुठं कुठं तर वीस फायली करायचा कंटाळा म्हणून एकच फाइल सगळ्यांना. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत (नाव घेत नाही) नोकरी सोडून दोन वर्षं झालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ती फाइल तशीच होती आणि चालू होती. त्या माणसानं काही वाईट केलं नाही, प्रामाणिक होता बिचारा. पण संस्थेला ते माहीतच नव्हतं.

गेलेल्या माणसाची चावी रद्द करायची सोय आहे. रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची एक यादी तयार करून सर्व्हरला द्यायची. पण एकच फाइल सगळ्यांना दिली असेल तर रद्द कुणाची करणार? एकाची केली की सगळ्यांची झाली. शिवाय या यादीलाही मुदत असते. नेहमीच्या साधनात ती १८० दिवसांची धरलेली आहे. सहा महिन्यांनी यादी नव्यानं तयार केली नाही तर सर्व्हर सगळ्यांनाच आत घेणं बंद करतो. सोमवारी सकाळी सगळ्या शाखा एकदम बंद पडतात, नेटवाल्याला शिव्या बसतात, आणि कुणीतरी वैतागून यादीची तपासणीच काढून टाकतो. मूळ सर्टिफिकेटचंही तसंच, त्याला साधारण दहा वर्षांची मुदत दिलेली असते. ज्यांनी २०१०च्या आसपास हे उभारलं त्यांचं २०२०च्या सुमारास संपलं, आणि उभारणारा माणूस तोवर पुण्याला गेलेला.

जुनी चावी जिवंत ठेवल्याचं काय होतं याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. मे २०२१मध्ये कोलोनियल पाइपलाइन ही पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी प्रचंड पाइपलाइन बंद पडली, पंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर आत शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड फुटलेला होता आणि दुसरी कुठली तपासणी नव्हती. कंपनीनं सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली.

आपल्या राज्यातली गोष्ट हवी असेल तर ऑगस्ट २०१८ची पुण्याची कॉसमॉस बँक आहे. दोन दिवसांत ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि काही आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही. त्यात खोट्या प्रणालीनं एटीएमच्या विनंत्यांना परस्पर 'हो' म्हटलं होतं. तो दोष व्हीपीएनचा होता असं मी म्हणत नाही. पण दूरच्या हल्लेखोरानं एका सहकारी बँकेला निवडलं, हे सहकाराच्या या पट्ट्यात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता नवी पद्धत वायरगार्ड. जेसन डोननफेल्ड यानं लिहिलेली, मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. तिचं सगळं सामान इतकं थोडं की सेटिंगची फाइल पोस्टकार्डावर मावावी. आपली खाजगी चावी, समोरच्याची सार्वजनिक चावी, पत्ता, आणि कुठले पत्ते या पाइपातून जाऊ द्यायचे ते. मूळ चावी नाही, शिक्का नाही, मुदत नाही. माणूस गेला की सर्व्हरच्या फाइलमधल्या त्याच्या चार ओळी काढायच्या. मला ही पद्धत आवडते. पण इथंही फाइल बनवून देणारी साधनं निघालीच. ती सगळ्यांच्या खाजगी चाव्या सर्व्हरवरच तयार करतात आणि क्यूआर कोड दाखवतात. तो कोड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की झालं कल्याण.

आपले गलाईवाले बांधव देशभर सोन्याचांदीची दुकानं चालवतात आणि मोबाइलवर तिकडचे कॅमेरे इथून बघतात, इथले कॅमेरे तिकडून. त्यासाठी राउटरचा पोर्ट थेट जगाला उघडा ठेवण्यापेक्षा हा छोटा पाइप कधीही बरा, फक्त चावी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तयार करा.

राहिला कायदा. २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इननं आदेश काढला की व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू पाच वर्षं जपून ठेवावा. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. हा आदेश मला तेव्हाही पटला नव्हता, आजही नाही. चोर पाच वर्षांच्या नोंदी ठेवणाऱ्याकडं जात नाही, आणि साध्या माणसाची माहिती एका जागी साठत राहते. पण संस्थांनी आपल्या कामासाठी उभारलेल्या अंतर्गत व्हीपीएनला ग्राहकनोंदीचा हा नियम लागू नाही, असं सरकारनंच नंतर स्पष्ट केलं. संस्थांना लागू आहे ते दुसरं: हल्ला झाल्याचं कळल्यापासून सहा तासांत कळवायचं, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या. गंमत अशी की ज्या संस्थेत सगळ्यांना एकच फाइल दिलीय, तिथल्या नोंदीत वीस शाखांचं नाव एकच दिसणार. सहा तासांत कळवणार काय आणि कुणाबद्दल?

तर वार्षिक सभेचे दिवस आले की ताळेबंदाबरोबर एवढं विचारा: आपल्या संस्थेत व्हीपीएनच्या किती चाव्या दिल्यात, कुणाकुणाच्या नावावर, त्यातल्या किती जणांनी नोकरी सोडलीय, आणि मूळ चावी कुठल्या संगणकावर आहे. अहवालातल्या नफ्याच्या पानाइतकंच हे पान वाचायला मला आवडेल. कुणाच्या संस्थेत अशी यादी खरंच ठेवली असेल तर कशी ठेवता ते खाली लिहा, बाकीच्यांना नमुना होईल. फाइल मात्र टाकू नका.