फ्यूजची तार

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून सुमारे ४०० दिवे पेटवले. त्या काळी तारांवर सुताचे वेष्टण असे आणि त्या बसवत लाकडी पट्ट्यांत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही ही केसिंग-कॅपिंग दिसे. ओल शिरली, वेष्टण झिजले, की ठिणगी उडे आणि लाकूडच पेट घेई. म्हणून वायरमनच्या विद्येत मुद्दाम दुबळी ठेवलेली एक तार आली, ती फ्यूजची. भार वाढला की ती आधी वितळते, घर वाचते. पण फ्यूज सारखा उडतो म्हणून आपण तिथे तांब्याची जाड तार गुंडाळतो! मग वितळायचे कोणी? भिंतीतल्या तारेने? गुरुजी, मुलांना एवढे सांगाच: आधी मेन बंद करा, दोष शोधा आणि मगच योग्य मापाची तार घाला.