ताकद वाढवलेल्या इंजिनाचा आवाज: एका परीक्षेचा इतिहास

मोटारसायकलच्या इंजिनात जास्त ताकदीसाठी नवा पिस्टन, नवा कॅमशाफ्ट किंवा मोकळा सायलेन्सर बसवला, की सगळ्यात आधी बदलतो तो आवाज. झिजलेल्या इंजिनातून नवा आवाज येऊ लागला तर काहीतरी बिघडले एवढे नक्की असते. सुधारलेल्या इंजिनाचे तसे नसते. तिथली टकटक नव्या भागाचा स्वभाव असू शकते, बसवण्यातली चूक असू शकते, किंवा शेजारच्या जुन्या भागाला नव्याचा भार झेपत नसल्याची खूणही असू शकते. हे तिन्ही वेगळे ओळखण्याची परीक्षा एका दिवसात किंवा एका माणसाकडून तयार झाली नाही. ताकद वाढवण्याचा प्रत्येक नवा मार्ग आपला स्वतंत्र आवाज घेऊन आला आणि त्या आवाजाचे कारण शोधताना परीक्षेत एकेक कलम वाढत गेले.

इंग्लंडमधील वेब्रिजजवळ १९०७ मध्ये ब्रुकलँड्सची शर्यतपट्टी सुरू झाली. तिथे इंजिने सुधारणे हा हळूहळू स्वतंत्र धंदा बनला. ताकद वाढवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे उंच माथ्याचा पिस्टन घालून सिलिंडरमधील मिश्रण जास्त दाबणे. पण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की चढावर किंवा भर थ्रॉटलला इंजिनातून हातोडीचे घाव पडल्यासारखा धातूचा आवाज येई, ताकद उतरे आणि पुढे पिस्टनला भोक पडे. हेच नॉकिंग. ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते म्हणून हा आवाज होतो, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती.

ही समजूत मोडून काढण्यात हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याचा वाटा मोठा आहे. केंब्रिजमध्ये प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या हाताखाली त्यांनी इंजिनांवर काम केले होते. नॉकिंग आणि अवेळी पेट घेणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे त्यांनी दाखवले. ठिणगी वेळेवरच पडते आणि ज्योत पसरू लागते. पण तिच्यापुढे उरलेले मिश्रण वाढत्या दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्योत पोहोचण्याआधी ते एकदम भडकते. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती थरारतात आणि कानावर पडते ती ही थरथर. म्हणजे आवाज धातूचा असला तरी दोष धातूत नसतो. पहिल्या महायुद्धानंतर रिकार्डो यांनी ई-३५ नावाचे एक सिलिंडरचे संशोधन-इंजिन बांधले. त्यात इंजिन चालू असतानाच दाबाचे प्रमाण कमीजास्त करता येई, त्यामुळे कोणते इंधन कोणत्या दाबाला नॉक करते हे मोजता आले. मोटारसायकलशी त्यांचा थेट संबंधही होता: १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस ट्रायम्फसाठी त्यांनी चार व्हॉल्व्हचे ५०० सीसी गटातले इंजिन घडवले.

याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिज्ली हे संशोधक याच आवाजाच्या मागे लागले होते. कानावर विसंबून निरनिराळ्या इंधनांची तुलना करता येत नाही, म्हणून मिज्ली यांनी सिलिंडरच्या दाबाच्या धक्क्याने उसळणाऱ्या कांडीचे एक मापनयंत्र बनवले. १९२१ च्या डिसेंबरात त्यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉकिंग रोखण्याचा गुण सापडला आणि १९२३ मध्ये ओहायोतील डेटन शहरात शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले. नॉकिंगवरचा हा उपाय माणसांच्या आरोग्याला अतिशय महागात पडला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी सुचवलेली, इंधन नॉकिंगला कितपत रोखते हे सांगणारी ऑक्टेनची मोजपट्टी मात्र टिकली. या सगळ्यातून परीक्षेचे पहिले कलम तयार झाले. नवा पिस्टन घातल्यावर आवाज आला, तर इंजिन उघडण्यापूर्वी ठिणगीची वेळ थोडी मागे घ्यावी आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे. आवाज गेला तर बेअरिंग, पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही.

दुसरा मार्ग होता इंजिन जास्त वेगाने फिरवण्याचा, आणि तिथे कान अपुरा पडला. कॅमने उघडलेला व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतो. फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह कॅमपासून सुटतो, उशिरा येऊन बैठकीवर आदळतो आणि पुन्हा उसळतो. बाहेर ऐकू येतो तो नुसता गोंगाट. बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कारखान्याने १९२० च्या दशकात यावर स्ट्रोबोस्कोप वापरला. ठरावीक गतीने लुकलुकणाऱ्या दिव्यात वेगाने हलणारी यंत्रणा जणू थबकलेली दिसते, त्यामुळे व्हॉल्व्ह कुठे उडतो हे डोळ्यांनी पाहता आले. या कामाचे फळही दिसले: १९२६ च्या आइल ऑफ मॅन ज्युनिअर टीटी शर्यतीत व्हेलोसेटवर बसलेला अ‍ॅलेक बेनेट सुमारे दहा मिनिटांच्या फरकाने जिंकला. आवाज अंदाजाने ओळखण्याऐवजी त्याचे कारण डोळ्यांनी पाहण्याची ही सुरुवात मोटारसायकलच्या इतिहासात फार मोलाची आहे. पुढे डुकाटीच्या फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये स्प्रिंगचा भरवसाच सोडला. त्यांच्या डेस्मो इंजिनात व्हॉल्व्ह बंद करण्याचे कामही कॅमच करतो.

ब्रुकलँड्स १९३९ मध्ये बंद पडले. तिथल्या आणि इतर कारखान्यांतल्या मिस्त्रींचे ज्ञान बरेचसे तोंडी होते, शिवाय प्रतिस्पर्ध्यापासून जपून ठेवलेले. व्हिन्सेंट मोटारसायकलची इंजिने घडवणारे ऑस्ट्रेलियन अभियंता फिल आयर्विंग यांचे ‘ट्यूनिंग फॉर स्पीड’ हे पुस्तक १९४८ मध्ये आल्यावर हे शास्त्र सामान्य चालकाच्या हाती पडले.

शर्यतीसाठी घडाईचे पिस्टन वापरात आले तसा आणखी एक आवाज ओळखीचा झाला. घडाईचा पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा मजबूत असतो, पण त्याच्या मिश्रधातूच्या प्रकारानुसार तो तापल्यावर जास्त फुगू शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये त्याला मोकळीक जास्त ठेवतात. थंड इंजिनात तो भिंतीवर आपटतो आणि पोकळ टकटक ऐकू येते. इंजिन तापले की ती विरते. तापल्यावर वाढणारा आवाज मात्र वेगळा. तेल पातळ झाल्यावर बेअरिंगमधली फट उघड पडते, आणि असा आवाज करणारे इंजिन तिथेच बंद करावे लागते. थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत ऐकण्याची शिस्त यातून आली.

मोटारसायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमने उघडणारे व्हॉल्व्हच नसतात, म्हणून तिथली भाषा निराळी. पूर्व जर्मनीतील चोपाऊ येथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी एक्झॉस्टमधल्या दाबलहरींचा अभ्यास करून फुगीर पोटाचा एक्स्पान्शन चेंबर परिपूर्ण केला. १९६१ मध्ये त्यांचा चालक अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीमार्फत जपानला पोहोचली. भारतात १९८० च्या दशकात राजदूत ३५० आणि यामाहा आरएक्स १०० आल्यावर इथल्या गॅरेजांतही पोर्ट घासणे आणि चेंबर बसवणे सुरू झाले. चेंबर बसवला आणि कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडण्याचा धोका असतो. अशा वेळी भर वेगात बारीक किणकिण ऐकू आली, तर ती पिस्टन सीझ होण्याआधीची शेवटची सूचना ठरू शकते.

नव्या भागाचा शेजारच्या भागांशी काय संबंध असतो, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते हार्ले-डेव्हिडसनच्या इतिहासात. कॅमची हालचाल पुशरॉड या दांडीमार्फत व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या यंत्रणेत, १९४८ च्या पॅनहेड इंजिनापासून कंपनीने हायड्रॉलिक लिफ्टर आणले. तेलाच्या दाबाने ते या यंत्रणेतली फट स्वतःच भरून काढतात, म्हणून टॅपेटचा आवाज कमी होतो. पण लिफ्टरची भरून काढण्याची ताकद मर्यादित असते. वेगळ्या मापाचा कॅम घातला किंवा हेड तासले, की पुशरॉडची लांबी चुकते आणि टकटक सुरू होते. १९५८ मध्ये इलिनॉयमध्ये सुरू झालेल्या एस अँड एस कंपनीसारख्यांनी लांबी कमीजास्त करता येणारे पुशरॉड विकले. त्यांतही एक पथ्य होते: लांबी बसवल्यावर लिफ्टरमधले जादा तेल झिरपून जाईपर्यंत इंजिन फिरवायचे नाही, कारण तोवर व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असू शकतो.

कॅमच्या दातेरी चाकांचा आवाज त्याहून फसवा. दाते फार घट्ट बसले तर इंजिन शीळ घालते, सैल बसले तर खडखडते. कारखान्यात ही चाके मापानुसार निवडून जोडीने बसवली जात आणि माप ओळखण्यासाठी त्यांवर रंगाची खूण असे. नवा कॅम आणून त्याला फिरवणारे क्रँकवरचे जुने छोटे चाक, म्हणजे पिनियन, तसेच ठेवले, की ही जोडी मोडते. हार्लेच्या १९९९ च्या ट्विन कॅम इंजिनात कॅम साखळीने फिरत. साखळी ताणणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात म्हणून अनेकांनी साखळी काढून गिअर बसवले, आणि मग क्रँकशाफ्टची जी थोडीशी वक्रता साखळीने सोसली होती ती गिअरमधून ऐकू येऊ लागली. दोष क्रँकचा, बोल नव्या गिअरला. गिअर बसवण्यापूर्वी डायल गेजने क्रँक मोजण्याची अट तेव्हापासून या कामाचा भाग झाली, आणि ती टाळणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे इंजिन पणाला लावतो.

सायलेन्सर बदलणे हा सर्वांत सोपा बदल, म्हणून त्याची फसवणूकही सर्वांत जास्त. हेडशी एक्झॉस्टच्या सांध्यातील गॅस्केट नीट बसले नाही, तर तिथून सुटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो. त्यापायी कितीतरी सुस्थितीतली हेडे विनाकारण उघडली गेली. ओतीव लोखंडी इंजिनाच्या मूळच्या बुलेट मोटारसायकलवर हा घोळ विशेष होई, कारण तिचे टॅपेट थोडे बोलणारच असे गृहीत असे. भारतात याला कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे, आणि महाराष्ट्रातील पोलिसांनी जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरवरून रोड रोलर फिरवले आहेत.

अलीकडच्या काही इंजिनांवर नॉक सेन्सर असतो. सिलिंडरच्या व्यासानुसार नॉकिंगची कंपनसंख्या ठरते, ती साधारण काही हजार हर्ट्झ असते, आणि तेवढीच ऐकून सेन्सर ठिणगी मागे घेतो. मोठ्या व्यासाचा सिलिंडर बसवला की ही संख्या खाली येते, आणि घडाईच्या पिस्टनची थंड असतानाची टकटक सेन्सरला नॉकिंग वाटू शकते. तेव्हा इंजिन धडधाकट असूनही ताकद कमी होते. असे भाग बसवल्यावर इंजिनाच्या संगणकातली नोंदही नव्याने भरावी लागते. टॅपेट, गिअर आणि बेअरिंग यांची परीक्षा मात्र आजही मिस्त्रीच्या कानावर आणि गेजवर आहे.